दालीचं ‘गोया’ छापचित्र हाती आलं, तर सही सोडून आधी काय बघायचं?

शेजारचे काका एका रविवारी पुठ्ठ्याची नळकांडी घेऊन आले. मुलाने परदेशातून पाठवलेलं चित्र होतं. “साल्वादोर दाली आहे रे. खाली सही बघ.” म्हणजे विसाव्या शतकातला स्पॅनिश अतिवास्तववादी चित्रकार. सही होती, चांगली ऐटदार होती. मी घड्याळजीचं भिंग काढून थेट सहीवरच ठेवलं. जवळून ती रेघ नव्हतीच. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दाटीवाटीने बसले होते. पेन्सिल असले ठिपके काढत नाही, म्हणजे चित्राबरोबर सहीसुद्धा छापखान्यातच छापली गेली होती.

सगळेच कागद इतक्या लवकर बोलत नाहीत. जुन्या उस्तादांच्या कलाकृतींवर दालीने आपला हात फिरवला, ती छापचित्रं ओळखणं तर जास्तच अवघड. त्यांतला माझा आवडता संच १९७७ चा, जुना स्पॅनिश चित्रकार गोया याच्या ‘काप्रिचोस’ (म्हणजे लहरी) या छापचित्रांवरचा. तो समोर आहे असं धरून चालू.

आधी मूळ चित्र उघडून ठेवा

फ्रान्सिस्को गोयाने १७९९ मध्ये ८० छापचित्रांचा हा संच माद्रिदमध्ये विकायला काढला. दुकान अत्तरांचं आणि मद्याचं, रस्त्याचं नाव देसेंगान्यो, म्हणजे भ्रमनिरास! बनावट प्रिंटबद्दल लिहिताना याहून चांगला पत्ता सापडायचा नाही. विक्री बेताचीच झाली. १८०३ मध्ये गोयाने छपाईच्या तांब्याच्या प्लेटा आणि उरलेले २४० संच राजाला देऊन टाकले, बदल्यात मुलासाठी निवृत्तिवेतन मिळवलं.

यातलं ४३ क्रमांकाचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं: टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस, मागे घुबडं आणि वटवाघळं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर गोयाचा संच फुकट बघता येतो. एक घुबड झोपलेल्याच्या हाताशी लेखणी धरून बसलंय, उजवीकडे खाली एक रानमांजर टक्क जागं आहे. असे बारकावे आधी डोळ्यांत भरून घ्या. गोयाचं काय आणि दालीचं काय, हे वेगळं काढता आलं नाही तर पुढच्या तपासणीला अर्थ नाही.

मग भिंग

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. इथे एक गफलत हमखास होते. दालीने गोयाच्या चित्रांच्या हेलिओग्राव्ह्युअर प्लेटा वापरल्या, म्हणजे छायाचित्रावरून तांब्यावर उतरवलेल्या प्रतिमा. त्यांवर त्याने सुईने स्वतःच्या रेघा ओढल्या, रंग स्टेन्सिलमधून भरले गेले आणि चित्रांखालची शीर्षकंही त्याने बदलली. त्यामुळे ‘मुळात फोटोच आहे, म्हणजे खोटं’ असं म्हणून मोकळं होऊ नका. फोटो इथे रीतसर, उघडपणे वापरलेला आहे.

फरक कळतो तो छपाईच्या पोतावरून. हेलिओग्राव्ह्युअरचा करडा भाग बारीक भुकटी पसरल्यासारखा, अनियमित दाणेदार दिसतो. कॅलेंडरच्या छपाईत ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर असतात, रंग एकमेकांत फुलासारखी वर्तुळं करतात. सुईने ओढलेल्या रेघेच्या कडेला शाई किंचित पसरते, मखमलीसारखी. स्टेन्सिलचा रंग सपाट बसतो आणि त्याची कड रेघेशी क्वचितच तंतोतंत जुळते. ती चुकलेली कड मला फार आवडते, कारण तिथे कुणाचा तरी हात दिसतो.

कागद चाचपा

तांब्याची प्लेट दाबाखाली जाते तेव्हा कागदावर तिच्या कडांचा चौकोनी खळगा उमटतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी तो लागायला हवा. गोयाच्या प्लेटा साधारण वीतभर उंचीच्या होत्या, हे माप ध्यानात ठेवा.

नंतर कागद खिडकीशी उजेडात धरा. आर्श आणि रीव्ह हे त्या काळचे नेहमीचे फ्रेंच कागद, त्यांत कारखान्याचं जलचिन्ह असतं. १९८० च्या सुमारास या जलचिन्हात अनंताची खूण, म्हणजे आडवा पडलेला इंग्रजी आठ, आली. साधारण तेव्हाच दालीचा हात थरथरू लागला आणि त्याचं प्रिंटवर सह्या करणं जवळपास थांबलं. १९७७ चं म्हणून दाखवलेल्या चित्राच्या कागदात ही खूण दिसली, तर पैशाचं पाकीट खिशातच राहू द्या.

आता सही आणि आकडा

खाली ४५/२०० असं लिहिलेलं असेल, तर २०० प्रतींच्या आवृत्तीतली ही ४५वी. आकडा लहान म्हणून चित्र जास्त चांगलं, असं काही नसतं. ‘ई.ए.’ म्हणजे चित्रकारासाठी वेगळी काढलेली प्रत. रोमन आकड्यांची आवृत्ती निराळी मोजतात, म्हणून ‘मर्यादित’ शब्द ऐकला की एकूण प्रती किती, हे विचारायचंच.

सही मी मुद्दाम शेवटी ठेवली. १९७४ मध्ये फ्रेंच जकातवाल्यांनी फ्रान्स-स्पेनच्या मधल्या अंडोरा या चिमुकल्या देशाकडे निघालेला एक ट्रक अडवला. आत ४०,००० कोरे कागद होते आणि त्यांवर फक्त दालीची सही. पुढे त्यांवर काय छापलं जाणार होतं, ते कागदांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. थोडक्यात, सही अस्सल असूनही चित्र बनावट असू शकतं. दालीच्या बाबतीत सर्वांत कमी किमतीचा पुरावा कुठला, तर सहीच.

राहिला दुकानदाराचा प्रमाणपत्राचा कागद. तो त्याच्या घरच्या प्रिंटरवरही निघतो. त्यापेक्षा अल्बर्ट फील्ड यांची १९९६ ची अधिकृत सूची कुणाकडून तरी मिळवा आणि प्रकाशक, वर्ष, माप, कागद, प्रतींची संख्या एकेक करून ताडून बघा. दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर तिसरी बघत बसू नका.

फ्रेम करताना

चित्र खरं निघालं तर फ्रेमवाल्याला बजावून सांगा: कडा कापायच्या नाहीत, चिकटपट्टी लावायची नाही. समास कापला की जलचिन्हही जाऊ शकतं. आम्लविरहित पुठ्ठा वापरा आणि काच कागदाला टेकू देऊ नका, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीचे तपकिरी डाग पडतात.

काकांनी आपलं चित्र हॉलमध्ये लावलं. फ्रेममध्ये बसेना म्हणून फ्रेमवाल्याने चारही बाजू कापल्या. काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, कापू द्या.