गाडी स्टार्ट होत नाहीये? बॉनेट उघडायच्या आधी जरा कान द्या

गणपतीत चिपळूणजवळ गावी गेलो होतो, गाडी चार दिवस अंगणात फणसाखाली उभी, वरून सतत पाऊस, आणि निघायच्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर फक्त एक "टक". परत फिरवली, परत टक. सामान डिकीत भरलेलं, मुलं आत बसलेली, आई पायरीवर उभी. तालुक्याच्या एका गॅरेजला फोन केला तर त्यांनी न बघताच सांगितलं की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला, सात हजार लागतील, गाडी टो करून आणा. तेवढ्यात शेजारचे काका आले, आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस. म्हणाले हेडलाईट लाव आणि आता सेल्फ मार. मारला, तर हेडलाईट फट्कन पूर्ण विझला आणि किल्ली सोडल्यावर परत लागला. काका म्हणाले "सेल्फ नाही रे, टर्मिनल ढिलं आहे", १० नंबरचा पाना आणला, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल (बॅटरीच्या खांबाला वायर जोडणारी पकड) काढलं, आत हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, ती घासली, परत आवळलं, आणि गाडी एका झटक्यात स्टार्ट. तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतलाय आणि जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण आपल्याकडे लोक आधी पार्ट बदलतात आणि मग कारण शोधतात, आणि त्यात पैसे तर जातातच पण मूळ दुखणं तसंच राहतं.

तर सगळ्यात पहिला प्रश्न एकच. किल्ली फिरवल्यावर (किंवा बटण दाबल्यावर) इंजिन फिरतंय का? फिरतंय पण पेट घेत नाहीये, की फिरतच नाहीये? ही दोन पूर्ण वेगळी दुखणी आहेत. फिरत नसेल तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (बॅटरी आणि इंजिन बॉडीला जोडणारी वायर-पट्टी), सेल्फ यातलं काहीतरी, तिथे पेट्रोल आणि प्लग बघत बसू नका. फिरतंय पण चालू होत नाही म्हणजे बॅटरी आणि सेल्फ बहुतेक ठीक आहेत, आता पेट्रोल, स्पार्क नाहीतर इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणारं चोरीविरोधी लॉक). मेकॅनिकला फोनवर सांगतानाही "गाडी बंद पडलीय" असं नका सांगू, यातलं नेमकं काय ते सांगा.

आधी न फिरणारी गाडी. आवाज ऐका. "टकटकटकटक" असा भराभर आवाज म्हणजे बॅटरी उतरलीय. एकच "टक" म्हणजे टर्मिनल खराब किंवा सेल्फच्या आतलं काही, म्हणजे सोलेनॉईड (सेल्फला करंट जोडणारा स्विच), कार्बन ब्रश वगैरे. काहीच आवाज नाही म्हणजे सेल्फपर्यंत करंटच पोचत नाहीये, अशा वेळी ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर न्यूट्रलला टाकून बघा, मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा कारण बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचचा स्विच असतो, तो दबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि पायाखाली मॅट सरकून आलेली असली तरी तेवढ्यानेही अडतं. बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर बऱ्याच मॉडेल्समध्ये रिमोट त्या बटणालाच टेकवून दाबलं की चालू होते.

मग काकांची हेडलाईटची टेस्ट, मला ही सगळ्यात जास्त आवडते कारण यात एक रुपयाही लागत नाही. हेडलाईट लावून सेल्फ मारा आणि समोरच्या भिंतीवर उजेड बघा. आधीच पिवळट असेल आणि सेल्फ मारल्यावर अजून मंद झाला तर बॅटरी उतरलेली. एकदम पूर्ण विझला तर टर्मिनल किंवा अर्थिंग ढिलं. अजिबात फरक पडला नाही, उजेड तसाच झगझगीत, तर बॅटरीला दोष देऊ नका, सेल्फ किंवा त्याचा रिले (फ्यूज बॉक्समधला विजेवर चालणारा छोटा स्विच) बघा.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर मात्र घ्याच, तीनचारशे रुपयात साधा मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर लावा: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंग पाहिजे. सेल्फ मारताना कुणाला तरी आकडा बघायला सांगा, साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकलीय. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तिथे १२.३ च दिसत असेल तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये आणि नवी बॅटरी टाकली तरी ती दोन दिवसात झोपणार. नवी बॅटरी घ्यायच्या आधी हा एक आकडा बघाच बघा, दुकानदार स्वतःहून बघेलच असं नाही.

टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि लावताना ते शेवटी लावायचं, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी उडते. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, पॉलिश पेपर मारा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. कोकणात, अलिबागला, गोव्यात राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्याच्या आधी करावंच कारण खाऱ्या हवेत टर्मिनल आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी दोन्ही खूप लवकर गंजतात. ती पट्टी लोक विसरतात, बॅटरी नवी असूनही सेल्फ दमल्यासारखा फिरतो तेव्हा निम्म्या वेळा तीच असते.

जंप स्टार्टचा क्रम: लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवर कुठल्यातरी उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून ही काळजी, आणि तिथे उभं राहून विडी-सिगरेट तर नकोच. मॅन्युअल गाडीला धक्का स्टार्ट चालतो, किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा आणि गाडीने वेग घेतला की सोडायचा. ऑटोमॅटिकला धक्का मारून काहीही उपयोग नाही.

आता दुसरा प्रकार, सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही. आधी एक नियम, सेल्फ एका वेळी सात-आठ सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर चांगला सेल्फ आणि चांगली बॅटरी दोन्ही आपल्याच हाताने जातात. किल्ली ऑन करून डॅशबोर्डच्या मीटरवर किल्लीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत राहतंय का बघा, राहत असेल तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली लावून बघा. मग खिडक्या बंद, एसीचा पंखा बंद, आणि किल्ली ऑन करून मागच्या सीटकडे कान द्या. पेट्रोल गाडीत टाकीतला पंप साधारण दोन सेकंद "ऊंऽऽ" करतो. आवाज नाही आला तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा, फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघता येतो.

इथे सीएनजीवाल्यांना कळकळीने सांगायचंय, कारण पुण्या-मुंबईत निम्मा मित्रपरिवार सीएनजीवर आहे आणि हीच चूक सगळे करतात. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. लोक महिनोन्‌महिने टाकीत दोन लिटर ठेवून फिरतात, रिझर्व्हचा दिवा तर कायमचाच लागलेला, मग पंप कोरडा पडून जळतो आणि गॅस फुल असूनही गाडी स्टार्ट होत नाही, पंपाचा खर्च काही हजारात. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतली ओल ओढून घेतं, अर्धवट रिकाम्या टाकीत तेच पेट्रोल पावसाळाभर पडून राहिलं तर पाणी खाली बसतं आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. म्हणून पाव टाकी तरी ठेवा आणि आठवड्यात एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आणि गॅसचा वास येत असेल तर सेल्फ मारूच नका, गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.

पुन्हा पुन्हा सेल्फ मारून इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झालं असेल, वासावरून कळतंच, तर ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि मग पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते आणि प्लग कोरडे होतात. गाडी गार असताना सुरू होते, तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने गार झाली की परत सुरू, असं असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन किती फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर) संशय घ्या, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर तो संशय अजून पक्का.

दोन ठिकाणी मात्र लगेच थांबायचं. एक, सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतोय, इंजिनला दमच नाही असं वाटतंय, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन गेलेली असू शकते, पुढे फिरवलंत तर इंजिनचे व्हॉल्व्ह वाकू शकतात. दुसरं, गाडी साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर परत सेल्फ मारू नका, कितीही घाई असो. पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणजे अख्खं इंजिन खोलावं लागतं, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. ढकलून बाजूला घ्या, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि टो करा.

पावसाळ्यात उंदीर पण लक्षात ठेवा. गाडी आठवडाभर उभी असेल तर स्टार्ट करायच्या आधी बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढा, आत गवत, चिंध्या, लेंड्या दिसल्या तर इंजेक्टर आणि सेन्सरच्या वायरी हाताने नीट तपासा. तंबाखूची पानं वगैरे लोक लटकवतात, मला त्यापेक्षा खालून बारीक जाळी बसवणं जास्त भरवशाचं वाटतं.

आता गाडी चालू होते पण नीट चालत नाही, झटके मारते, मिसिंग करते (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही), घाटात पिकअप नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो पार्ट फार महाग आहे. सीएनजीवाल्यांकडे इथे एक फायदा आहे जो दुसऱ्यांकडे नाही, गाडी दोन्हीवर चालवून बघा. फक्त पेट्रोलवर अडखळते तर पंप, फिल्टर, पेट्रोलचे इंजेक्टर. दोन्हीवर अडखळते तर प्लग, कॉईल (प्लगला स्पार्कची वीज देणारी), एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप), नाहीतर फाटलेला एखादा व्हॅक्यूम पाईप (हा चालू इंजिनवर "सूंऽ" असा वाजतो). आणि फक्त गॅसवर अडखळते तर लगेच गॅस किट खोलू देऊ नका, आधी प्लग बदला, कारण गॅस पेटवायला स्पार्क जास्त जोरदार लागतो, म्हणून थकलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. आमच्या गाडीत आंबा घाट चढताना हेच झालं होतं, सांगितलं होतं किटचं रेग्युलेटर, निघाले प्लग.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषाचे कोड वाचणारा) हजाराच्या आत मिळतो, तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कोड वाचा. समजा पी ०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. गाडीला प्रत्येक सिलिंडरची वेगळी कॉईल असेल तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर पहिली आणि तिसरी कॉईल अदलाबदल करा, कोड पुसा, फिरवून आणा. आता पी ०३०३ आला तर कॉईलच खराब आहे. पी ०३०१ च राहिला तर कॉईल निर्दोष, प्लग किंवा इंजेक्टर बघा. कोड हा पार्टचं नाव सांगत नाही, फक्त कुठे शोधायचं ते सांगतो, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष फाटलेल्या पाईपचा निघाला असं सर्रास होतं.

आणि मॅन्युअल गाडीत आरपीएम वाढतोय पण गाडी पुढे जात नाही, असं असेल तर इंजिन सोडा, क्लच प्लेट घासलीय.

एवढं करूनही गॅरेजला न्यायची वेळ आली तर जायच्या आधी मोबाईलमध्ये लिहून घ्या, गार असताना होतं की तापल्यावर, गॅसवर की पेट्रोलवर, एसी लावल्यावर की नुसतं, शेवटचं पेट्रोल कधी भरलं, आणि स्टार्ट करतानाच्या आवाजाचा व्हिडीओ काढून ठेवा कारण तिथे गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. काम सांगताना "सेल्फ बदला" असं सांगू नका, "सकाळी एकच टक येतो आणि हेडलाईट विझतो" असं सांगा, आणि जो पार्ट बदलतील तो जुना परत मागून घ्या.