पावसात पोरं घरात कोंडली गेली की त्यांना कसं रमवायचं

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर धो धो पाऊस, सोसायटीचं ग्राउंड म्हणजे तळं, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी "जरा तीन-चार तास बघशील का गं पोरांकडे" म्हणत दोन पोरं आपल्याकडे सोडून जातं. माझं मत आधीच सांगते, त्यांची करमणूक करायचं आपण अंगावर घ्यायचंच नाही, तासाभरात आपण गळून जातो आणि ती मात्र फुल चार्ज. त्यांना कामाला लावायचं, आपण फक्त सामान पुरवायचं.

आईबाप चपला घालत असतानाच विचारून घ्या, झोप कधीची, ॲलर्जी कशाची, मोबाइल चालतो का नि किती, आणि शी-शूला घरी काय म्हणतात (हसू नका, हा शब्द वेळेवर कळला नाही की फरशी पुसावी लागते). मग स्टूल, खुर्च्या खिडकीपासून लांब सरकवा, बाल्कनीला वरची कडी लावा, ग्रिल असली तरी लावा.

आता सुरुवात नेहमी दंग्याने करायची. बरेच जण आल्या आल्या पोरांना चित्रं काढायला बसवतात, ती पाच मिनिटांत उठतात आणि मग सोफ्यावरून उड्या. त्यापेक्षा आधी दमवा, मग बसवा. पायमोज्यांचे गोळे करून बादलीत नेम धरून टाकायचे, फरशीवर चिकटपट्टीने चौकोन आखून त्यात लंगडी. "शिवाजी म्हणतो" तर हुकमी आहे, शिवाजी म्हणतो बसा, शिवाजी म्हणतो बेडकासारख्या उड्या मारा, आणि मध्येच शिवाजीचं नाव न घेता "उभे राहा" म्हणायचं की उठला तो आउट. थोड्या वेळाने राज्य मोठ्या पोराला द्या आणि तुम्ही चहा टाका. आंधळी कोशिंबीर फ्लॅटमध्ये नको, टीपॉयचा कोपरा नेमका कपाळाच्या उंचीवर असतो. आणि दुपारी दोन ते चार उड्या बंद, खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

दमली की कामं. पाच वर्षांचं पोरगं मटार मस्त सोलतं, मेथी निवडतं, धुतलेले रुमाल घड्या घालून ठेवतं, फक्त "हे तुलाच जमतं बघ" एवढं म्हणायचं. दोन वर्षांच्याला स्टीलच्या वाट्या, डाव आणि झाकणं द्या, आवाज होतो पण अर्धा तास तुमचा. भाजी निवडायची असेल तर लहान्याला पालेभाजीवरच ठेवा, मटार, चवळी, चिंचोके असलं काही हाती देऊ नका, ते सरळ नाकात जातं. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती नको, हा सोपा हिशोब. सागरगोटे, नाणी सगळं त्यात आलं. बटणासारखे चपटे सेल तर कुठल्याच पोराच्या हाताला लागू देऊ नका. चुकून गिळलाच तर वाट बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्सला 108.

कणकेचा गोळा म्हणजे सोनं. बाजारच्या क्लेची गरज नाही, थोडं बीट किसून पिळा, त्या पाण्यात कणीक मळा, वर तेलाचा हात. पोळपाट-लाटणं दिलं की पोळ्या, साप, गणपती सगळं होतं आणि आपोआप भातुकली सुरू होते. पुष्कळ मीठ घातलेली कणीक टिकते म्हणून लोक करतात, पण ज्या वयात सगळं तोंडात जातं त्यांना ती नकोच, जास्त मीठ पोटात जाणं बरं नाही.

कागदाच्या होड्या करा, पण सोडायच्या त्या परातीत दोन बोटं पाणी घेऊन आणि आपण समोर बसून, भरलेली बादली नको. इतक्या कमी पाण्यातही लहान पोर बुडू शकतं, म्हणून फोन आला तरी आधी पाणी ओतायचं आणि मग फोन.

दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू, आत टॉर्च, भिंतीवर हातांनी ससा-कुत्रा. इथेच गोष्ट सांगा, आणि गोष्टीतल्या पोराचं नाव त्यांचंच ठेवा, मग पुढचं तीच सांगतात.

खायला साधंच, केळं, पोहे, तूप-गूळ-पोळीचा रोल. अख्खे शेंगदाणे आणि पॉपकॉर्न छोट्यांना नाही, द्राक्षं उभी चिरून.

टीव्हीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सल्ल्याप्रमाणे दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नाही, कमी तितकं बरं. मी तो वेळ शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवते, तेही मोठ्यासाठीच आणि घरून परवानगी असेल तर. सुरुवातीलाच मोबाइल दिला की नंतर तुमच्या कणकेला कोणी विचारत नाही. टीव्ही लावायच्या आधी सगळ्यांनी मिळून पसारा आवरायचा, मोजे कोण जास्त गोळा करतं अशी शर्यत लावली की तोही खेळच होतो, आणि आईबाप आले की पोरं कधी झोपली, काय खाल्लं, शी झाली का, एवढं दारातच सांगून टाकायचं.