परसातल्या कोंबड्यांची रोजची निगा: दार उघडण्यापासून कडी लावेपर्यंत

कोंबडी आजारपण लपवते. कमजोर दिसली की बाकीच्या टोचायला लागतात, म्हणून ती अंगात बळ आहे तोवर सगळ्यांबरोबर दाणे टिपत राहते. पंख फुगवून कोपऱ्यात बसलेली दिसते, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यामुळे रोजच्या कामांत सगळ्यात मोठं काम म्हणजे नीट बघणं.

सकाळी खुराड्याचं दार उघडा आणि दोन मिनिटं तिथेच थांबा. दाणे टाकायची घाई नको. कोण आधी उडी मारतं, कोण रेंगाळतं, हे आठवड्याभरात पाठ होतं. रोज पुढे धावणारी आज शेवटी आली, तर तिला उचलून घ्या. तुरा फिका किंवा जांभळट पडलाय का, नाकातून पाणी येतंय का, श्वासाला घरघर आहे का ते बघा. मग मानेच्या बुडाशी, छातीच्या उजव्या बाजूला बोटांनी चाचपा. तिथे अन्नाची पिशवी असते. संध्याकाळी ती गच्च भरलेली असते, सकाळी मात्र रिकामी लागायला हवी. माझ्या एका तलंगेची (तरुण कोंबडीची) पिशवी सकाळीही चेंडूसारखी टणक लागली. कापलेल्या गवताच्या लांब काड्या गिळल्यामुळे आत गुंता झाला होता. लगेच पशुवैद्यांकडे नेली म्हणून वाचली. अशा वेळी ओकारी काढायला कोंबडीला उलटं धरू नका. आतलं पाणी श्वासनळीत जाऊन ती दगावू शकते.

त्यानंतर पाणी. भांडं नुसतं वरून भरू नका, रोज घासून धुवा. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे काही तास पाणी संपलं तरी अंडी कमी होतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. उन्हाळ्यात भांडं सावलीत हवं.

अंड्यावरची, म्हणजे अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य मुख्य ठेवा, घरातलं उरलंसुरलं जेमतेम दहावा हिस्सा. खारट, बुरशी आलेलं, कच्ची कडधान्यं, हिरवट बटाट्याची सालं आणि अव्होकॅडो अजिबात नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाते. पिल्लांना तो देऊ नका, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. कोंबड्या बंदिस्त असतील तर बारीक खडेही द्या. कोंबडीला दात नसतात, पोटातले खडेच दाणे भरडतात.

अंडी दिवसातून दोनदा उचला. चार-पाच कोंबड्यांना अंड्यांची एक पेटी पुरते. एखादी पेटीतून उठेना, हात लावला की फुगून गुरगुरते, तर ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. पिल्लं हवी असतील तर फळलेली अंडी तिच्याखाली ठेवा, २१ दिवस लागतात. नको असतील तर अंडी लगेच काढत चला, नाहीतर ती खाणंपिणं सोडून बसून राहते.

खुराड्यात खाली उकिडवे बसा आणि कोंबडीच्या उंचीवरून वास घ्या. उभ्या माणसाला जाणवत नाही, पण तिथे डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर भुसा आजच बदला. मूठभर भुसा दाबल्यावर त्याचा गोळाच राहिला, तरी तो ओलाच समजा.

कोरड्या मातीचा एक कोपरा त्यांना लोळायला राखून ठेवा. धुळीत लोळूनच त्या पिसांतल्या उवांचा त्रास कमी करतात. रक्त पिणारे लाल माइट हे बारीक किडे मात्र दिवसा लाकडाच्या फटीत लपतात. म्हणून अंधार पडल्यावर बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. त्यावर लाल रेघा उठल्या, तर दुसऱ्या दिवशी दांड्या काढून फटी साफ करणं आलं.

नवी कोंबडी आणली तर महिनाभर वेगळी ठेवा, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा.

दिवस मावळला की कोंबड्या आपणहून आत येतात. कडी लावण्याआधी मोजा. एक कमी भरली तर बॅटरी घेऊन झुडपांच्या तळाशी आणि खालच्या फांद्यांवर शोधा. अंधारात ती जागची हलत नाही, त्यामुळे सहज हातात येते.