वृद्धांच्या सेवेचं पहिलं काम : मुलाखतीला जाण्याआधी

वडिलांना लकवा झाला तेव्हा सांगलीत विश्रामबागच्या आमच्या घरी मी लागोपाठ नऊ जणांच्या मुलाखती घेतल्या. पहिल्या दोघी कोर्स केलेल्या, विचारलं की फडाफड उत्तर देणाऱ्या. पण निघेपर्यंत दोघींनी वडिलांकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. तिसरीने दारात चप्पल काढली, हात धुवायला पाणी मागितलं आणि सरळ खाटेपाशी गेली. "काका, हात लावू का?" म्हणाली. माझे प्रश्न तिथेच संपले. या कामाची मुलाखत टेबलाशी होत नाही, खाटेपाशी होते. तयारीही त्याच हिशोबाने करा.

फोनवरच विचारून घ्या

ब्युरोकडून (घरोघरी अशी माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडून) किंवा ओळखीतून निरोप आला की लगेच "येते" म्हणू नका. काम घरी आहे, वृद्धाश्रमात की हॉस्पिटलात? पेशंट बाई की पुरुष? चालतो की अंथरुणाला खिळलेला? डायपर, लघवीची पिशवी, नाकातली नळी यांपैकी काय आहे? ड्यूटी १२ तासांची की २४? आणि वजन अंदाजे किती? वजनाचं विचारायला लोक लाजतात. पण ऐंशी किलोच्या आजोबांना एकटीने खुर्चीत बसवताना कंबर जाते ती आपली.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करा. इंजेक्शन देणं, लघवीची किंवा नाकातली नळी घालणं हे नर्सचं काम आहे. तुम्ही नर्सिंग शिकलेले नसाल तर तसं सांगा. मिरजेला मोठ्या दवाखान्यांची जुनी परंपरा आहे, वॉनलेस हॉस्पिटल तर १८९४ पासूनचं. त्यामुळे इकडच्या घरांतून कुणी ना कुणी दवाखान्यात काम केलेलं निघतं आणि थाप लगेच उघडी पडते.

कागद

आधार कार्ड, दोन फोटो, शाळा सोडल्याचा दाखला, जनरल ड्यूटी असिस्टंटसारखा पेशंटच्या देखभालीचा कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र, आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून पिशवीत परत ठेवा. मूळ कागद ठेवून घेतो म्हणणाऱ्या ब्युरोवाल्याला नमस्कार करून उठा. कमिशन किती आणि किती महिने, हेही नाव नोंदवण्याआधी विचारा.

पहिलीच नोकरी असली तरी "अनुभव नाही" म्हणून गप्प बसू नका. सासूबाईंचं दोन वर्षं अंथरुणात केलं असेल तर तो अनुभवच. फक्त नेमकं सांगा: आंघोळ घालत होते की अंग पुसत होते, भरवत होते का, पाठीला जखम झाली होती का.

हात, नखं आणि मिश्री

नखं कापा. अंगठ्या, काचेच्या बांगड्या काढून ठेवा, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते, नुसत्या घासण्याने सोलते. मंगळसूत्र आत घाला, उचलताना पेशंट तेच घट्ट धरतो. अत्तर नको, गजरा नको. आणि आपल्याकडचं खास म्हणजे मिश्री किंवा तंबाखू लावून जाऊ नका. पेशंटच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलावं लागतं, वास लपत नाही.

करून दाखवायची तयारी

"जरा करून दाखवा" असं बहुतेक ठिकाणी म्हणतात. त्याआधी चार दिवस घरातल्या कुणालातरी खाटेवर झोपवून सराव करा.

कूस बदलताना ओढायचं नाही. पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यावर, एक खुब्यावर ठेवायचा, "आता वळवते हं" असं सांगायचं आणि आपल्याकडे वळवायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात.

लकव्याच्या पेशंटला सदरा घालताना आधी लुळा हात, मग चांगला. काढताना उलट. आमच्याकडे आलेल्या नऊपैकी दोघांनाच हे ठाऊक होतं. खुर्चीत बसवायचं असेल तर चाकाची खुर्ची चांगल्या अंगाला लावा आणि आधी ब्रेक. घाईत ब्रेक विसरतो, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच असते.

हमखास येणारे प्रश्न

"पडले तर काय कराल?" ओढून उठवायचं नाही. कुठे दुखतंय विचारायचं. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, तसंच राहू द्यायचं, १०८ ला आणि घरच्यांना फोन.

"साखर कमी झाली तर?" दरदरून घाम, थरथर, बरळणं ही लक्षणं. मशीनवर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असून नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. याच्याच पोटातला प्रश्न म्हणजे, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या आजी एकादशी धरणारच म्हणाल्या तर? वाद घालायचा नाही, गोळीही आपल्या मनाने द्यायची किंवा बंद करायची नाही. मुलाला किंवा डॉक्टरांना आधी विचारायचं.

"शिव्या दिल्या तर?" इथे देवमाणूस बनू नका. वाईट वाटतं, पण खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत येते, असं खरं सांगितलेलं पटतं.

तुम्ही काय विचारायचं

पगाराची तारीख, आठवड्याची सुट्टी, जेवण कुणाचं, झोपायला जागा कुठे, रात्री किती वेळा उठावं लागतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे नको, हेही सांगून टाका. पुढचे संशय टळतात. सांगलवाडीहून किंवा नदीकाठच्या गावातून येणार असाल तर पावसाळ्याचं आधीच बोला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या पुरात कितीतरी जण आहे तिथेच अडकले. पाणी चढायला लागलं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला येणार, की बदली माणूस बघायचं, ते ठरवून घ्या.

पेशंटबद्दलही विचारा. आमच्या त्या तिसऱ्या बाईंनी विचारलं होतं, "काकांना रात्री दिवा लागतो का?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. वाचा गेलेल्या वडिलांनी डावा हात उचलून दिव्याकडे बोट केलं.

जाताना दहा मिनिटं आधी पोचा, फोन सायलेंट करा, नमस्कार आधी म्हाताऱ्या माणसाला, मग घरच्यांना. दोन दिवस ट्रायलवर या म्हणाले तर हरकत नाही, पण त्या दोन दिवसांचे पैसे किती, हे उठण्याआधी विचारा.