गणिताचा पेपर पुन्हा देताय? पहिल्या धड्यापासून सुरू करू नका

बारावीच्या पातळीचं गणित पुन्हा द्यायचं म्हटलं की आपण पुस्तक पहिल्या पानापासून उघडतो. मग येणारे धडे तिसऱ्यांदा होतात आणि जिथे मार्क गेले तिथे पोचेपर्यंत परीक्षा येते.

त्यापेक्षा असं करा:

१. जुनी उत्तरपत्रिका किंवा सोडवलेला सराव पेपर घ्या. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे एक अक्षर लिहा: 'न' म्हणजे आलंच नाही, 'घ' म्हणजे येत होतं पण घसरलो, 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही.

२. 'घ' आधी हातात घ्या, इथले मार्क सगळ्यात स्वस्तात परत येतात. नेमकी घसरलेली ओळ वहीत उतरवा. माझ्या वहीत दोन ओळी सारख्या यायच्या. निश्चित संकलनात (क्ष वर्ग + १) ला यू मानायचं, पण मर्यादा क्ष च्याच, म्हणजे ० ते २, ठेवायच्या. यू साठी हव्यात १ ते ५. दुसरी, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना साइन थीटा दिसला की भागून मोकळं व्हायचं. साइन थीटा = ० ची उत्तरं तिथेच गायब!

३. 'न' साठी मात्र धडा उघडावाच लागेल. फक्त तेवढाच.

४. 'वे' साठी घड्याळ लावून पूर्ण पेपर.

चुकलेलं गणित तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. उत्तर समोर ठेवून नुसतं वाचलं तर सगळं येतंय असंच वाटतं. आणि हो, अभ्यासक्रम बदललाय का, ते आधी तपासा.