पैसे भरले, माल आला नाही: वसुलीची वाट कशी धरायची

पैसे भरून महिना झाला, माल नाही, आणि विक्रेता रोज "उद्या निघतोय" म्हणतो. अशा वेळी माणूस एक तर नुसते फोन करत राहतो, नाहीतर थेट पोलीस ठाणे गाठतो. फोनांच्या नादात मुदती निघून जातात आणि पोलीस ठाण्यात बहुधा "हा दिवाणी वाद आहे" एवढेच ऐकायला मिळते. भारतात अशा वादासाठी वाटा बऱ्याच आहेत, पण प्रत्येकीची मुदत वेगळी. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: माल कोणत्या तारखेला मिळायचा होता?

तारीख आधी पक्की करा

ऑनलाइन ऑर्डरमध्ये ही तारीख पहिल्या ईमेलमध्ये किंवा अ‍ॅपवर असते. अ‍ॅपवरची तारीख गुपचूप पुढे सरकते आणि जुनी पुन्हा दिसत नाही, म्हणून ऑर्डर दिली त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवावा. प्रत्यक्ष दुकानातून किंवा कारखान्यातून घेतलेल्या मालाच्या पावतीवर बरेचदा तारीखच नसते. मालविक्री अधिनियम 1930 च्या कलम 36 नुसार अशा वेळी विक्रेत्याने "वाजवी मुदतीत" माल पाठवायचा असतो. वाजवी म्हणजे किती, यावर सुनावणीत तासभर वाद होऊ शकतो. तो टाळायचा तर आजच लेखी कळवा: "अमुक तारखेपर्यंत माल द्या, अन्यथा ऑर्डर रद्द समजून पैसे परत करा." तेवढ्याने तारीख तयार होते.

एक खाच ध्यानात ठेवा. भांडण चालू असताना उशिरा माल आला आणि तुम्ही मुकाट्याने उतरवून घेतला, तर करार कायद्याच्या कलम 55 मुळे उशिराबद्दलची भरपाई हातची जाऊ शकते. माल घ्यायचाच असेल तर घेतानाच लिहून द्या: "भरपाईचा हक्क राखून माल स्वीकारला." डिलिव्हरी बॉय थांबणार नाही, मेसेज किंवा ईमेल चालेल, पण त्याच दिवशी.

कोणते कागद, आणि कसे ठेवायचे

बिल किंवा प्रोफॉर्मा (माल देण्याआधीचे कच्चे बिल), पैसे गेल्याचा बँकेचा उतारा (व्यवहाराचा यूटीआर क्रमांक दिसेल असा), ऑर्डरचा ईमेल आणि सगळा पत्रव्यवहार लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निवडक मेसेज पुढे पाठवून उपयोग नाही. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा आणि मूळ फोन विकू नका किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ग्राहक आयोग याबाबत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो. तरी प्रमाणपत्र जोडलेले बरे, समोरच्या वकिलाचा एक आक्षेप कमी होतो.

माल "डिलिव्हर्ड" दाखवतो पण हातात नाही, हा प्रकार वेगळा. इथे वेळ दिवसांत नव्हे, तासांत मोजायची. विक्रेता आणि कुरिअर दोघांकडे त्याच दिवशी पोहोच मागा: सही कोणाची, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला, फोटो कुठला. इमारतीच्या सीसीटीव्हीवर काही दिवसांनी नवे चित्रण चढते, म्हणून त्या वेळेचे चित्रण लगेच काढून घ्या. माल मिळाला नाही हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. मिळाला हे दाखवायचे काम समोरच्याचे. पण तुमची तक्रार तीन आठवड्यांनी नोंदली गेली असेल, तर हाच मुद्दा लुळा पडतो.

व्यापाऱ्यांसाठी आणखी एक. मालविक्री अधिनियमाच्या कलम 39 नुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो सकृतदर्शनी खरेदीदाराला दिला असे धरले जाते. म्हणून बिल्टी (वाहतूकदाराची पावती) हातात ठेवून विक्रेता "आमचे काम झाले" म्हणू शकतो. माल वाटेत हरवल्याचा संशय येताच वाहतूकदारालाही लेखी नोटीस द्या: सडक मार्गे वहन अधिनियम 2007 च्या कलम 16 प्रमाणे ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत पोहोचलीच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर दावाच चालत नाही. विक्रेत्याशी गोडीगुलाबीने बोलण्यात हे सहा महिने सर्रास जातात.

पैसे कोणत्या मार्गाने गेले?

कार्डाने भरले असतील तर सर्वात स्वस्त उपाय चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत मागणे. शाखेत हा शब्द अनेकदा कोणालाच कळत नाही; कार्ड विभागाचा "डिस्प्यूट फॉर्म" मागा आणि कारण "वस्तू मिळाली नाही" असे नोंदवा. कार्ड नेटवर्कच्या नियमांत साधारण 120 दिवसांची मुदत असते आणि ती माल मिळायच्या तारखेपासून धरतात. विक्रेत्याकडे आधी मागणी केल्याचा पुरावा बँक मागते. सुरुवातीला खात्यात आलेली रक्कम तात्पुरती असते: विक्रेत्याने पोहोच दाखवली तर ती परत काढली जाते. काही विक्रेते "अजून पंधरा दिवस थांबा" हे वाक्य बरोबर चार महिने वापरतात. योगायोग समजू नका.

यूपीआयने दुकानाच्या मर्चंट क्यूआरवर पैसे गेले असतील तर अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावरच तक्रार नोंदवता येते. वैयक्तिक खात्यावर पाठवलेले पैसे मात्र बँक स्वतःहून ओढून आणत नाही. खात्यातून पैसे गेले पण ऑर्डरच नोंदली गेली नाही, हा वाद मालाचा नाही, अयशस्वी व्यवहाराचा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार दुकानाला केलेल्या यूपीआय व्यवहारात अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

दुकानच बनावट निघाले, फोन बंद, वेबसाइट गायब, तर नोटिशीच्या भानगडीत पडू नका. लगेच 1930 वर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. समोरच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी ते गोठवता येतात, नंतर नाही.

नोटीस

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोहोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असतो. कस्टमर केअरशी गप्पा मारण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. याच नियमांत, अपरिहार्य आपत्ती सोडून ठरल्या वेळेनंतर आलेला माल परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असेही आहे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाका. ती आदेश देऊ शकत नाही, पण मोठ्या कंपन्यांकडची बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

ग्राहक आयोगात जाण्याआधी कायदेशीर नोटीस सक्तीची नाही, पण द्यावी. वकिलाचीच हवी असे नाही. मजकूर असा पुरतो:

"दि. ____ रोजी आपल्याकडे ____ या वस्तूची ऑर्डर (क्र. ____) दिली आणि रु. ____ (व्यवहार क्र. ____) भरले. माल दि. ____ पर्यंत देण्याचे ठरले होते. आजतागायत माल मिळालेला नाही. ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पूर्ण रक्कम, पैसे भरल्याच्या तारखेपासून व्याजासह, मूळ खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन व तिचा खर्च आपल्यावर राहील."

"माल द्या किंवा पैसे द्या किंवा दुसरे मॉडेल द्या" अशी तिहेरी मागणी करू नका. उत्तर म्हणून आणखी एक पर्याय येतो आणि महिना जातो. नोटीस पोच मिळणाऱ्या टपालाने आणि ईमेलने, दोन्हीकडून जाऊ द्या.

आणि ती कोणाला पाठवायची? वेबसाइटवरचे चकचकीत नाव ही कायद्यातली व्यक्ती नव्हे. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव वेगवेगळे दिसतात. कंपनी असेल तर नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतो. चुकीच्या नावावर आदेश मिळाला तर वसुलीच्या वेळी "ती फर्म आमची नाही" हे ऐकावे लागते. मार्केटप्लेसवरून घेतले असेल तर विक्रेता आणि प्लॅटफॉर्म दोघांनाही पक्षकार करा, "डिलिव्हर्ड" वादात कुरिअरलाही. एकालाच धरले की तो बोट दुसऱ्याकडे दाखवतो आणि दुसरा आयोगासमोर नसतो.

जिल्हा ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली मोबदला म्हणून दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. मर्यादा भरलेल्या किमतीवर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. 5 लाखांपर्यंत फी शून्य, 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 ला 400, 20 ते 50 ला 1000.

तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. अटींमध्ये "फक्त अमुक शहरातील न्यायालये" किंवा "लवादच" असे छापलेले असले तरी त्याने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही.

मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. नोटीस पाठवल्याने किंवा ईमेलांची देवाणघेवाण चालू राहिल्याने ती वाढत नाही. उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबतच द्या आणि दिवसागणिक कारण सांगा. "विक्रेता आश्वासने देत होता" एवढे कारण तोकडे पडते.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते, वकील लागत नाही. तारखेनुसार घटना, मागणी, कागदांची यादी आणि प्रतिज्ञापत्र. सामनेवाल्याला लेखी कैफियतीसाठी, म्हणजे उत्तरासाठी, 30 दिवस, फार तर आणखी 15; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी ही मर्यादा बंधनकारक ठरवली. 46 व्या दिवशी आलेल्या कैफियतीला लेखी हरकत घ्या, कारण तुम्ही बोलला नाहीत तर ती फायलीत बसते. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात.

मागणीत आकडे हवेत: भरलेली रक्कम, पैसे भरल्यापासून व्याज, मानसिक त्रास आणि खर्च. दरम्यान तीच वस्तू महाग झाली असेल तर फरकही मागता येतो. 40,000 ला ठरलेली वस्तू मुदतीच्या दिवशी बाजारात 46,000 ला होती, तर 6,000 चा फरक. त्या तारखेचे दुसऱ्या विक्रेत्याचे कोटेशन जोडा. आठ हजारांच्या वस्तूसाठी पाच लाखांचा मनस्ताप लिहिला की बाकीची तक्रारही कोणी गंभीरपणे वाचत नाही.

ग्राहक नसाल तर

पुनर्विक्रीसाठी किंवा धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले शिलाई यंत्र चालते. दहा कामगारांच्या युनिटसाठी घेतलेली दहावी मशीन अडचणीत येते. तेव्हा दिवाणी दावा, मुदत तीन वर्षे. वाणिज्यिक वादाचे मूल्य 3 लाख किंवा जास्त असेल तर वाणिज्यिक न्यायालय, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. ती वगळून लावलेला दावा फेटाळला जातो. लघुउद्योगांचे समाधान पोर्टल इथे कामाचे नाही, ते माल देऊन पैसे न मिळालेल्यांसाठी आहे.

पोलीस कधी

भारतीय न्याय संहितेचे कलम 318, म्हणजे फसवणूक, लागण्यासाठी पैसे घेतानाच द्यायचे मनात नव्हते हे दिसावे लागते. खोटा पत्ता, खोटी बिल्टी, एकच यंत्र चौघांना विकणे, पैसे मिळताच फोन बंद: हे अर्जात वेगवेगळे लिहा. नुसता उशीर आणि थापा पुरत नाहीत. फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमे एकाच व्यवहारावर ठोकून देण्याची सवय सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये कानउघाडणी करून चुकीची ठरवली आहे.

आदेश मिळाल्यावर

आदेश म्हणजे पैसे नव्हेत. ठरल्या मुदतीत रक्कम आली नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 71 खाली वसुलीची आणि कलम 72 खाली शिक्षेची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावा. 72 मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान 25,000 ते एक लाख दंड, किंवा दोन्ही आहे, म्हणून तीच आधी हलते. अपिलासाठी समोरच्याला 45 दिवस असतात आणि आदेशातील निम्मी रक्कम भरावी लागते.

या टप्प्यावर विक्रेता तडजोडीला येतो: "चेक घ्या, आज पुरसीस द्या", म्हणजे वाद मिटल्याचे आयोगाला लिहून द्या. चेक वटून रक्कम खात्यात दिसेपर्यंत पुरसीसवर सही करू नका. हप्ते ठरले तर तडजोड आयोगासमोर नोंदवून तिचा आदेश करून घ्या. म्हणजे एक हप्ता चुकला तरी नवी तक्रार लावावी लागत नाही, तीच दरखास्त पुढे चालते.