कॅम्पर व्हॅनचं वायरिंग: घरची सवय गाडीत आणू नका, या चुका टाळा

टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर (राहता-झोपता येईल अशी गाडी) करताना सुतारकाम आटोपलं की घरचं वायरिंग करणाऱ्या वायरमनलाच बोलावलं जातं. त्याचा हात बसलेला असतो, पण अंदाज सगळे 230 व्होल्टचे. 1500 वॅटची केटली घरी साडेसहा अँपिअर घेते. तीच केटली गाडीत इन्व्हर्टरवर लावली की 12 व्होल्टच्या बॅटरीतून साधारण 130 अँपिअर ओढले जातात. कॅम्परमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच आकड्यात सापडतं.

फ्रिज रात्री बंद पडतो, बॅटरी तर भरलेली

दोष फ्रिजचा नसतो, दीडच्या (1.5 चौरस मिमी जाडीच्या) वायरचा असतो. बॅटरीपासून फ्रिज 6 मीटरवर आणि करंट 5 अँपिअर धरला, तर जाऊन-येऊन 12 मीटर दीडच्या तांब्याच्या वायरीत सुमारे 0.7 व्होल्ट गळतात. बॅटरीवर 12.2 असले तरी फ्रिजला 11.5 मिळतात आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून कमी. फ्रिजचं बॅटरी-संरक्षण मग त्याला बंद करतं. सहाची वायर टाका, घट 0.2 व्होल्टच्या आत येते.

स्वस्त वायर घेताना एक टोक सोलून तार चाकूने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती वायर परत करा.

फ्यूज इन्व्हर्टरजवळ बसवणं

फ्यूज वायरीसाठी असतो, उपकरणासाठी नव्हे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला कुणीच वाली नसतो. ती पत्र्याच्या कडेवर घासून कापली तर थेट आग. म्हणून मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून 20 सेंटिमीटरच्या आत हवा. 1500 वॅटच्या इन्व्हर्टरला 50 चौरस मिमीची केबल, लांबी शक्यतो दीड मीटरच्या आत, आणि 200 अँपिअरचा फ्यूज.

फ्यूजऐवजी घरच्या बोर्डातला एमसीबी लावू नका. एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटती राहते आणि एमसीबी आतून वितळतो.

हातोडीने ठोकलेले लग

गाडी हादरते, घर हादरत नाही. हातोडीने चेपलेला किंवा नुसता सोल्डर केलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) काही महिन्यांत सैल होतो किंवा वायर सोल्डरच्या कडेलाच तुटते. हायड्रॉलिक क्रिम्पर (लग वायरीवर दाबून बसवायचं हत्यार) भाड्याने आणा, क्रिम्प झाल्यावर लग जोर लावून ओढून पाहा. लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये स्टीलचा वॉशर घालणं ही आणखी एक हमखास चूक. लग थेट टर्मिनलवर, वॉशर त्याच्या वर. हा क्रम उलटा झाला की जोड तापतो.

दोष नेमका कुठे आहे, हे शोधायला मल्टिमीटर पुरतो. डीसी 20 व्होल्टची रेंज लावा आणि केटलीसारखा मोठा भार चालू ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर. 0.2 पेक्षा जास्त व्होल्ट दिसले, तर प्रोब एकेक जोड पुढे सरकवत या: फ्यूजची दोन्ही टोकं, स्विच, लग. आकडा जिथे उडी मारतो तिथेच दोष. मग हेच निगेटिव्हच्या बाजूने. निगेटिव्ह चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडला असेल तर तिथला रंग खरवडला आहे का, हे आधी पाहा.

लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला

लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी उभी असून इंजिन चालू असेल, तर अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो आणि तो तापून जळू शकतो. शिवाय बऱ्याच नव्या बीएस 6 गाड्यांत संगणक गरजेप्रमाणे अल्टरनेटरचे व्होल्ट खाली आणतो, म्हणून नुसत्या रिलेवर (दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणाऱ्या स्विचवर) बॅटरी पूर्ण भरत नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घ्या. 30 अँपिअरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात साधारण 90 अँपिअर-अवर भरतो.

लडाख किंवा स्पितीला निघणार असाल तर बीएमएसमध्ये (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटमध्ये) कमी तापमानाचा कट-ऑफ आहे याची खात्री करा. शून्याखाली चार्ज केल्यास सेलमध्ये लिथियमचा धातू साचतो आणि क्षमता कायमची जाते.

व्होल्ट बघून चार्ज ठरवणं

लिथियमचे व्होल्ट मधल्या पट्ट्यात जेमतेम हलतात, त्यामुळे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा शंट मॉनिटर लागतोच. आणि तो चुकीचं दाखवत असेल, तर निगेटिव्ह बाजू तपासा. कुठली तरी एक वायर, बहुधा सोलरची, शंट टाळून थेट बॅटरीला जोडलेली सापडेल.

इन्व्हर्टर रात्रभर चालू राहणं हेही याच हिशेबातलं. भार नसतानाही तो 1 अँपिअर खात असेल, तर दिवसाला 24 अँपिअर-अवर गेले. वापर संपला की बटण बंद करा.

सोलर कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.